गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, त्याची किंमत आपली पोरं अजून मोजतायत

२००९ सालची गोष्ट. जगभरातल्या १५ वर्षांच्या मुलांची वाचन, गणित आणि विज्ञान या विषयांत एक परीक्षा होते, तिचं नाव 'पिसा'. त्या फेरीत भारताकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं उतरली होती. ही दोन्ही राज्यं शिक्षणात आपल्याकडं चांगली समजली जातात. निकाल लागला तेव्हा ७४ प्रदेशांच्या यादीत ही दोन्ही राज्यं शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर होती. नंतरच्या फेऱ्यांपासून भारत लांबच राहिला.

असा निकाल आला की आपल्याकडं ठरलेली चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं पोरांचं लक्ष नाही, कुणी म्हणतं आईबापांना पडलेली नाही, कुणी मास्तरांवर घसरतं, तर कुणी मोबाईलवर.

पण एखाद्या देशातली मुलं अभ्यासात मागं का पडतात, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं आकडे समोर मांडून सरकारला विचारला होता. त्याचं उत्तरही त्यानं दिलं होतं आणि त्यावरचा उपाय म्हणून कायद्याचा मसुदाही लिहून आणला होता.

तो माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

शाळेच्या पुस्तकात गोखले आपल्याला भेटतात ते जेमतेम दोन ओळींत. मवाळ नेते आणि गांधीजींचे राजकीय गुरू. एवढं पाठ केलं की एक मार्क मिळतो. त्यांनी आयुष्याची शेवटची काही वर्षं कशासाठी खर्ची घातली, हे मात्र त्या दोन ओळींत येत नाही.

आठ रुपयांवर झालेलं शिक्षण

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावात गोखल्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातल्या कागलला नोकरीला होते. कारकुनी करत करत ते फौजदार झाले. घर खाऊनपिऊन ठीक, पण शिल्लक काही नाही.

१८७९ साली वडील गेले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि थोरला भाऊ गोविंदराव अठराचा. दोघांचं शिक्षण चालणं शक्य नव्हतं. गोविंदरावांनी स्वतःची शाळा सोडली आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवायचे. उरलेल्या सातांत सगळं घर.

गोपाळला त्या आठ रुपयांची किंमत माहीत होती. तो हातानं स्वयंपाक करायचा, दिव्याच्या तेलाचे पैसे वाचावेत म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून वाचायचा. १८८१ साली मॅट्रिक झाल्यावर आता नोकरी धरून भावाला हातभार लावावा असं त्याच्या मनात आलं. पण भाऊ आणि वहिनी ऐकेनात. वहिनींनी अंगावरचे दागिने विकले आणि दिराला कॉलेजात धाडलं.

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज आणि मग मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असं करत १८८४ साली गोखले बी.ए. झाले. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त १८.

हे सगळं सांगायचं कारण असं की पुढं कौन्सिलात उभं राहून जेव्हा ते म्हणत होते की गरीब घरातलं पोर शाळेबाहेर राहतं ते आळशी असतं म्हणून नव्हे, तेव्हा ते कुठल्या अहवालात वाचलेलं सांगत नव्हते. एका भावाची शाळा सुटली तेव्हा दुसऱ्याची चालू राहिली, हे त्यांच्या स्वतःच्या घरात घडलं होतं.

सांगाल तो विषय शिकवणारे मास्तर

पदवीनंतर गोखल्यांसमोर सरकारी नोकरी होती, वकिली होती. घरची परिस्थिती बघता तीच वाट धरायला हवी होती. पण पुण्यात तेव्हा टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी न्यू इंग्लिश स्कूल चालवत होते. १८८५ साली गोखले तिथं महिना ३५ रुपयांवर मास्तर म्हणून लागले. पुढं ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. म्हणजे तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवण्याची बांधिलकी.

फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. ज्या विषयाला प्राध्यापक नसेल तो गोखल्यांकडं यायचा. त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते देशभर चाललं आणि वेगवेगळ्या भाषांत गेलं. कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्टीत गावोगाव फिरून वर्गणीही गोळा केली.

याच काळात ते न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली तयार होत होते. रानड्यांची शिस्त कडक. भाषण ठोकण्याआधी सरकारचे अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे आणि मगच तोंड उघडायचं. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं संपादन करता करता गोखल्यांना सरकारी अंदाजपत्रक असं वाचता येऊ लागलं की पुढं इंग्रज अधिकारीही त्यांना टरकून असायचे. १८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला ते लंडनला गेले, तेव्हा त्यांचं वय होतं ३०.

१९०२ साली त्यांनी फर्ग्युसनचा निरोप घेतला आणि व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात, म्हणजे इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात, पूर्ण वेळ काम सुरू केलं. १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या बनारस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

मास्तरकी सुटली होती, पण शाळा काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

तेव्हा देशाची अवस्था काय होती?

१९११ च्या जनगणनेत शंभरातल्या साधारण सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांमध्ये तर शंभरात एक.

हे का झालं, याचं सरकारी उत्तर तयार होतं. हिंदुस्थानी लोकांना शिक्षणाची आवड नाही, जातीपाती आड येतात, शेतकऱ्याला पोरगं शेतावर हवं असतं.

याला पहिलं सणसणीत उत्तर महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच दिलं होतं. हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं, की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. कमिशननं ती मनावर घेतली नाही.

गोखल्यांनी पुढं तोच प्रश्न हातात घेतला, पण त्यांची रीत वेगळी होती. त्यांनी जगाचा हिशोब मांडला. एकूण लोकसंख्येतले किती लोक प्राथमिक शाळेत आहेत, हे त्यांनी देशवार काढलं. अमेरिकेत २१ टक्के, जर्मनीच्या गटात १५ ते १७, जपानमध्ये ११, मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या रशियात ४ ते ५ टक्के.

आणि ब्रिटिश हिंदुस्थानात? १.९ टक्के.

मग त्यांनी दुसरा तक्ता काढला, सरकार माणशी किती खर्च करतं याचा. इंग्लंडमध्ये माणशी दहा शिलिंग, जपानमध्ये एक शिलिंग दोन पेन्स, रशियात साडेसात पेन्स. हिंदुस्थानात कशीबशी एक पेनी.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की उत्तर दिसतं. जिथं पैसा गेला तिथं पोरं शाळेत गेली. पंचवीस वर्षांत लष्कराचा खर्च १३ कोटींनी वाढला आणि प्राथमिक शिक्षणावरचा सरकारी खर्च ५७ लाखांनी, हेही गोखल्यांनी कौन्सिलात ऐकवलं. तिजोरी रिकामी आहे ही सबब त्यामुळं टिकत नव्हती.

जपान आणि बडोदा

सरकारचं पुढचं म्हणणं असं की युरोपची गोष्ट वेगळी, आशियात हे जमणार नाही.

यावर गोखल्यांकडं दोन उदाहरणं होती.

पहिलं जपान. १८७२ साली जपाननं सगळ्यांसाठी शाळेचा हुकूम काढला, तेव्हा शाळेच्या वयाची जेमतेम २८ टक्के मुलं शाळेत होती. शतक संपता संपता हा आकडा ९० च्या घरात गेला. एका पिढीत. जपान काही तेव्हा श्रीमंत देश नव्हता.

दुसरं उदाहरण तर घरचंच होतं, बडोदा. महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. बाराव्या वर्षी दत्तक गेले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसानं १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं शिक्षण करून बघितलं आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात लागू केलं. पाचेक वर्षांत बडोद्यात शाळेच्या वयाचे शंभरातले जवळपास ८० मुलगे शाळेत होते. शेजारच्या ब्रिटिश मुलखात हाच आकडा होता २१ च्या आसपास. मुलींमध्ये बडोद्यात ४७, ब्रिटिश मुलखात ४.

भाषा तीच, जाती त्याच, शेती तीच. फरक फक्त राज्यकर्त्याच्या निर्णयाचा होता. आपल्या लोकांनाच शिक्षण नको आहे, या म्हणण्याला यापेक्षा मोठं उत्तर काय असणार?

विधेयकात नेमकं काय होतं?

१८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी कौन्सिलात सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारनं विचार करतो म्हणून सांगितलं, गोखल्यांनी ठराव मागं घेतला. त्या वर्षअखेरीला सरकारनं स्वतंत्र शिक्षण खातं काढलं, पण सक्तीचं नाव नाही. मग १६ मार्च १९११ रोजी त्यांनी थेट विधेयकच आणलं.

आज वाचलं तर आश्चर्य वाटेल इतकं ते नरम होतं.

सगळ्या देशात एकदम सक्ती नव्हतीच. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला इच्छा असेल, तिनंच ती लागू करायची. तीही तिथली ठराविक टक्के मुलं आधीच शाळेत असतील तर आणि सरकारची परवानगी मिळाली तर. सक्ती फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. मुलींचा नंबर नंतर. शाळा घरापासून मैलभरापेक्षा लांब असेल, मूल आजारी असेल तर सूट. महिना दहा रुपयांपेक्षा कमी कमाई असलेल्या पालकाकडून फी घ्यायची नाही. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारनं उचलायचा, उरलेला स्थानिक संस्थेनं.

पैसा कुठून आणायचा, हेही मास्तरांनी सांगितलं होतं. आयातीवरची जकात पाच टक्क्यांवरून साडेसात करा, भागेल.

मुलींना मागं ठेवणं ही या विधेयकाची मोठी उणीव होती, आणि ती झाकायचं कारण नाही. पण सरकारला नाही म्हणायला एकही निमित्त मिळू नये, एवढ्यासाठी गोखल्यांनी प्रत्येक कलमाला चाळण लावली होती. तरी सरकार नाहीच म्हणालं.

विरोध कुणी केला?

विधेयक वर्षभर देशभर मतांसाठी फिरलं. काँग्रेसनं पाठिंबा दिला, मुस्लीम लीगच्या मंडळींनीही दिला. दरम्यान डिसेंबर १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आले आणि लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर झाले. टाळ्या पडल्या.

तीनच महिन्यांनी, १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी, कौन्सिलात गोखल्यांच्या विधेयकावर चर्चा झाली. मागणी एवढीच होती की ते निवड समितीकडं पाठवावं.

शिक्षण खात्याचे सदस्य सर हारकोर्ट बटलर सरकारच्या बाजूनं उभे राहिले. वेळ अजून आलेली नाही, लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारं विरोधात आहेत, शिकलेले शिक्षक नाहीत, इमारती नाहीत. आधी आहेत त्या शाळा सुधारू, मग संख्या वाढवू.

विरोध करणाऱ्यांत हिंदी लोकही होते. काही जमीनदार आणि संस्थानिकांच्या वर्तुळातल्या मंडळींना वेगळीच काळजी होती. कुळाचं पोर शिकलं तर गुरं कोण राखणार, शेतात कोण राबणार? हे उघड बोलायचं नसलं की सक्ती गरिबांवर जुलूम होईल, असं म्हटलं जायचं.

बाजूनं बोलणाऱ्यांत पंडित मदनमोहन मालवीय होते आणि महंमद अली जिनाही होते.

आधी दर्जा की आधी संख्या, या मुद्द्यावर गोखल्यांची भूमिका स्पष्ट होती. पहिलं काम निरक्षरता घालवणं. चांगली इमारत, चांगला शिक्षक हे सगळं हवंच, पण त्याची वाट बघत पिढ्या घरी बसवता येणार नाहीत. इंग्लंडनंही १८७० साली कायदा केला तेव्हा आधी सगळ्या शाळा सुधारून घेतल्या नव्हत्या. तिथं आधी पोरं शाळेत आली, १८८० साली हजेरी सक्तीची झाली आणि १८९१ नंतर बहुतेक शाळा मोफत झाल्या.

मतदान झालं. बाजूनं १३, विरोधात ३८.

कौन्सिलात सरकारी अधिकाऱ्यांचं बहुमत होतं, त्यामुळं निकाल गोखल्यांना आधीच माहीत होता. तसं त्यांनी भाषणात सांगूनही टाकलं होतं. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशच जास्त येणार, पण पुढच्यांसाठी वाट पडेल, अशी त्यांची समजूत होती.

नंतर काय झालं?

गोखल्यांना मधुमेह होता. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याची पाहणी करायला गेले, परत आल्यावर सरकारी नोकऱ्यांबाबतच्या इस्लिंग्टन कमिशनचं काम अंगावर घेतलं. शरीरानं साथ सोडली आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पुढं लोक गेले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. ज्या कोल्हापुरात आठ रुपयांवर एक पोरगा शिकला होता, त्याच मुलखात. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतातल्या नगरपालिकांसाठी कायदा मंजूर करून घेतला. पाठोपाठ बाकीच्या प्रांतांतही कायदे झाले. पण पुरेसे पैसे कुणी दिले नाहीत, आणि बरेचसे कायदे कागदावरच राहिले.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती १८ टक्के. राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये लिहिलं गेलं की दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकार करेल. ती दहा वर्षं १९६० साली संपली. २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

म्हणजे गोखल्यांच्या ठरावापासून बरोबर शंभर वर्षांनी.

मग आजची मुलं मागं का?

आज जवळपास सगळी मुलं शाळेत नाव घालतात. तरी ग्रामीण भागात घेतल्या जाणाऱ्या 'असर' पाहणीत पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद नीट वाचता येत नाही असं दिसतं. यावर कुणी म्हणेल की बटलर साहेबांचंच बरोबर होतं, आधी दर्जा बघायला हवा होता.

पण हिशोब नीट लावून बघा. आधी दर्जा म्हणणाऱ्या सरकारनं दर्जाही दिला नाही आणि संख्याही दिली नाही. मधल्या काळात जपानमध्ये काय झालं? शाळेत गेलेली पोरं मोठी होऊन आईबाप झाली. त्यांच्या घरात पुस्तक होतं, वर्तमानपत्र होतं, अभ्यास घेणारं माणूस होतं. दुसरी पिढी शाळेत गेली तेव्हा ती पहिलीपेक्षा पुढून सुरू झाली, तिसरी आणखी पुढून. आपल्याकडं आज वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा अंगठा लावायचे, आणि काहींचे आईबापही. त्या मुलाला घरी गेल्यावर अडलेला शब्द विचारायला कुणी नसतं. मास्तर एक आणि वर्गात तीन इयत्ता असतील, तर शाळेतही कुणी नसतं.

परीक्षेच्या निकालात आपल्याला त्या पोराचे मार्क दिसतात. त्यामागं त्याच्या पणजोबाला न मिळालेली शाळा असते, ती दिसत नाही.

सगळंच काही १९१२ सालावर ढकलता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरची दिरंगाई आपली स्वतःची आहे, आणि मुलींना नंतर बघू म्हणणारं घर तर अजूनही सापडतं. पण पोरं मागं पडली की आधी पोरांकडं आणि त्यांच्या आईबापांकडं बोट दाखवायची सवय शंभर वर्षांपूर्वीही होती. गोखल्यांनी तेव्हा एवढंच केलं, की सरकारचं अंदाजपत्रक उघडलं आणि त्यात शाळेच्या नावापुढं किती रक्कम लिहिली आहे ते वाचून दाखवलं.

पुढच्या वेळी असा एखादा निकाल लागला आणि चर्चा मोबाईलवर घसरली, तर आपल्या गावच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, तेवढं विचारून या.